डब्यांचे तास

शैलेंद्रच्या हातची आमटी ज्याने खाल्ली नाही, त्याने सिडनीच्या ब्लॅकटाउनात राहून केलं तरी काय, असं तिथल्या मराठी मंडळातले लोक उघड म्हणत. आणि त्यात काही खोटं नव्हतं. माणूस तसा अबोल, अंगाने आडवा, टक्कल पडू लागलेलं. पण पातेल्यासमोर उभा राहिला की चेहऱ्यावर असं समाधान पसरायचं, की बघणाऱ्याला आपोआप भूक लागावी. कुकरीचा कोर्स करायला आला, पीआर म्हणजे कायम राहायचा परवाना मिळवला, सिटीतल्या एका कॅफेत शेफ म्हणून टिकला. मग आला कोविड. ऑफिसं घरी गेली, कॅफेची गिऱ्हाइकं त्यांच्याबरोबर गेली, आणि शैलेंद्रच्या वाट्याला उरली शनिवार सकाळची एक शिफ्ट.

घरी बसून कुढणाऱ्यातला तो नव्हता. पहिल्या लॉकडाऊनमध्येच त्याने मंडळाच्या हॉलचं किचन उघडून घेतलं आणि डबे सुरू केले. कोणी आजारी, कोणी बाळंतीण, कुणाचे आईवडील भेटायला म्हणून आले आणि सीमा बंद झाल्यावर इथेच अडकले. आठवड्यातल्या चार सकाळी हा तिथे. एक डॉलर कधी घेतला नाही. मंडळाच्या चित्रलेखाताईंनी कौतुकाने फेसबुकवर फोटो टाकला, तर हा गडी आठवडाभर त्यांच्याशी धड बोलला नाही!

ह्याचं कारण सांगलीकडचं. त्याचे वडील तिथल्या एका दत्तमंदिरात महाप्रसादाचे आचारी होते. त्यांचा एकच दंडक होता, पंगतीत पानं मोजायची नाहीत. किती जेवले असं कुणी विचारलं तर ते सरळ उठून हात धुवायला जात. वडील गेले, पण दंडक शैलेंद्रच्या अंगात मुरलेला.

आता ह्यात कुणाचं काय बिघडत होतं? बिघडलं ते सरकारी नियमाने. चाइल्डकेअरची, म्हणजे पाळणाघराची, सबसिडी देताना नवराबायको दोघांच्याही कामाचे तास बघतात, आणि ज्याचे कमी, त्याच्यावर मुलाचे दिवस ठरतात. बायको चारुता एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, डबल शिफ्टा करून अर्धी झाली होती, तिच्या तासांना तोटा नव्हता. पण धरायचे नवऱ्याचे! महामारीमुळे काही महिने सवलत होती. दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये ती संपली, आणि तीन वर्षांच्या अनुष्काचे आठवड्याचे तीन दिवस एकावर आले.

बाप घरी आहे तर पोर सांभाळेल की, असं कुणीही म्हणेल. सांभाळलंही असतं त्याने, हौसेने. पण अनुष्का बोलत नव्हती. बोलायला शिकायच्या वयात तिने माणसं बघितली ती मास्कमधली, आणि तीही लांबून. कान ठीक, डोकं तल्लख, सगळं समजायचं, पण उत्तर मानेने. स्पीच थेरपिस्टने एकच सांगितलं होतं, तिला मुलांमध्ये राहू द्या. आणि खरंच, चाइल्डकेअरमध्ये वाळूत खेळताना ती एका मैत्रिणीच्या कानात काहीतरी कुजबुजल्याचं टीचरने सांगितलं, तेव्हा चारुता गाडीत बसून हमसाहमशी रडली होती. आता तेच दिवस हातातून निघाले.

चारुताने फोनवर तासभर होल्डवर थांबून माहिती काढली. संध्याकाळी ती नाचतच आली. "अरे, व्हॉलंटियरिंगसुद्धा धरतात! डब्यांचे तास लाव. चित्रलेखाताई एका पायावर लिहून देतील."

"नको," शैलेंद्र म्हणाला.

"नको म्हणजे?"

"ते काम नाहीये गं, सेवा आहे. तिचे तास लावायचे? बाबांना काय वाटलं असतं?"

"बाबांना?" चारुताचा आवाज चढला. "तुझं पुण्य शाबूत राहावं म्हणून माझ्या लेकीने मुकं राहायचं का रे?"

शैलेंद्र कणकेचा गोळा मळत राहिला. कणीक केव्हाची मऊ झाली होती, तरी मळत राहिला.

मंगळवारी अनुष्काला घरी कोण बघणार? तिला घेऊनच तो डबे वाटायला निघाला. जवळच्याच क्वेकर्स हिलला दीनानाथकाका नेहमीसारखे ड्राइव्हवेत उभे होते. मुलगा-सून दोघं हॉस्पिटलात कामाला, दिवसभर घर रिकामं, आणि काकांना चहापलीकडे काही करता येत नव्हतं.

"आज छोट्या बाई बरोबर? शाळेला दांडी?"

अनुष्का बापाच्या पायामागे लपली. आणि काय झालं कोण जाणे, कधी चार वाक्यं सलग न बोलणाऱ्या शैलेंद्रने सगळं भडाभडा सांगून टाकलं. नियम, चारुता, वडील, पानं, सगळं.

काकांनी काठीवर भार दिला. "तुझे वडील पानं मोजायचे नाहीत म्हणतोस. मग डाळ किती शिजायला टाकायची, हे काय दत्तगुरू येऊन सांगायचे?"

शैलेंद्रने हातातला डबा गाडीच्या बॉनेटवर ठेवला.

"मोजायचे रे बाबा, रोज मोजायचे. त्याशिवाय कोणी उपाशी गेलं नाही ते कसं? फक्त बोलून दाखवायचे नाहीत, एवढंच." काकांनी लपलेल्या अनुष्काकडे बघितलं. "सगळ्या गावाला वाढतोस, आणि घरच्या पोरीचं पान तेवढं रिकामं ठेवतोस? वाढ की तिला. ती काय परकी आहे?"

शैलेंद्रने मान हलवली, अगदी अनुष्कासारखी. हॉलवर परत आल्यावर चित्रलेखाताईंपुढे उभा राहून तो म्हणाला, "ताई, तासांचं पत्र हवं होतं." एवढं बोलताना कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ताईंनी तिथल्या तिथे लिहून दिलं. अनुष्काचे तीन दिवस परत मिळाले.

जूनमधली गोष्ट, म्हणजे तिथला हिवाळा. थंडी मी म्हणत होती. अनुष्काचा घरचा दिवस होता, म्हणून ती पुन्हा डब्यांच्या फेरीला आली. काकांचा डबा आपणच देणार म्हणून दोन्ही हातांनी छातीशी धरून निघाली. आतल्या आमटीने स्टील चटके देत होतं, तरी सोडेना. काकांनी उघडा हात पुढे केला, तशी ती मागे सरली.

"केअरफुल! इट्स हॉट, आजोबा!"

काका हात तसाच पुढे धरून उभे राहिले. शैलेंद्रने वळून गाडीच्या टपावर दोन्ही हात टेकले. मग त्याने चारुताला फोन लावला. ती शिफ्टवर होती, तरी उचलला.

"चार," तो म्हणाला.

"चार काय? डबे कमी पडले का?"

"डबे नाही गं." त्याने पुन्हा एकदा बोटांवर मोजलं, चूक व्हायला नको म्हणून. "शब्द. चार शब्द बोलली."