भिंगाची धूळ

नवा चष्मा नाकावरून घसरत होता. दुकानातल्या काकांनी त्याची काडी वाकवली, काचेवर फुंकर मारली आणि सदऱ्याच्या टोकाने पुसून म्हणाले, "आता बघा, ताई."

मला हॉलंडमधला तो जुना तत्त्वज्ञ आठवला. वेगळा विचार केला म्हणून समाजाने वाळीत टाकलेला. विद्यापीठाची नोकरी नाकारून तो पोटासाठी चष्म्या-दुर्बिणींची भिंगं घासत राहिला. ती धूळच बहुधा छातीत बसली आणि तो चाळिशीतच गेला. देव आणि निसर्ग वेगळे नाहीत, असं सांगायचा.

मी चष्मा घातला. समोरच्या कडुलिंबाचं पान न् पान वेगळं दिसलं. फार मनापासून आभार मानले.

"अहो, नुसती काडी तर वाकवली," काका संकोचले.

त्यातले अर्धे आभार हॉलंडला जायचे होते, हे त्यांना कुठे माहीत.