रिह्याचं स्टेशन

मॉडेलं करायला लागणारं हलकं बालसा लाकूड घ्यायला आलेल्या बाईला पुण्यातल्या दुकानात हमखास एकच प्रश्न विचारतात, "मुलांच्या प्रोजेक्टला का?" मी "हो" म्हणून मोकळी व्हायचे. माझी मुलगी तेव्हा नोकरीला लागलेली होती, पण हे सगळं काउंटरवर कोण सांगत बसणार?

त्या दिवशी माझ्या शेजारी एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उभे होते. त्यांनी माझ्या हातातल्या पट्ट्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "विमान की आगगाडी?"

"आगगाडी," मी म्हणाले.

"कुठली?"

"आमच्या वऱ्हाडातली नॅरोगेज. माझं आजोळ तिच्यावर होतं. बंद पडली ती."

"मग रविवारी मुळशीत रिह्याला या, माझ्या फार्महाउसवर," ते म्हणाले. "आम्ही चार-पाच वेडे जमतो."

ते निवृत्त पशुवैद्य होते. सगळे त्यांना डॉक्टरच म्हणतात. हिंजवडीला मी एका ऑफिसात हिशेब बघते, राहते तिथून जवळच एका सोसायटीत, त्यामुळे रिहे काही लांब नव्हतं. तरी पहिल्या रविवारी मी नवऱ्याला बरोबर नेलं. अनोळखी माणसाच्या फार्महाउसवर एकटीनं जायचं म्हणजे जिवावर आलं होतं. आमच्या घरी जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर तोवर माझ्या आगगाडीचे पुठ्ठ्याचे डबे पसरलेले असायचे, आणि नवरा उरलेल्या अर्ध्यावर जेवायचा. गाडीत तो म्हणाला, "तुले गाडीच पायजे होती, त लग्नातच सांगाचं होतं न!"

डॉक्टरांच्या घरामागे एक लांबलचक शेड होती. पूर्वी तिथे कोंबड्या होत्या. आता भिंतीच्या कडेकडेनं कमरेइतक्या उंचीवर लाकडी फळ्या एकमेकींना जोडलेल्या होत्या आणि त्यांवर रूळ. प्रत्येकानं आपापली फळी घरी करायची, इथे आणून दुसऱ्याच्या फळीला बोल्टनं जोडायची, रुळाला रूळ मिळाला पाहिजे, बाकी फळीवर काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं, असा रिवाज. डॉक्टरांनी एक बटण फिरवलं. टाचणीच्या डोक्याएवढा दिवा लावून निळं इंजिन आठ डबे ओढत आलं, माझ्या पोटासमोरून गेलं आणि बोगद्यात शिरलं. मी अजून डबे मोजत होते. नवरा मात्र वाकून बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाशी जाऊन उभा राहिला होता.

तिथेच चाचांची ओळख झाली. त्यांचं पौडला कापडाचं दुकान आहे. चष्मा कपाळावर चढवून ते शेडमध्ये झाडं करत बसलेले असत. भांडी घासायची हिरवी घासणी कातरायची, बारीक तारेला गुंडाळायची, झालं झाड. मला जमीन करायला त्यांनीच शिकवलं. चहाचा चोथा वाळवायचा, चाळायचा, डिंकावर भुरभुरायचा. आमच्या घरी चहा वाढला तो तेव्हापासून.

वर्षभरात माझी वऱ्हाडची फळी तयार झाली. आजोळच्या स्टेशनाबाहेरचा लिंब, पाण्याची टाकी, कापसाच्या गाठी. ती जोडली त्या रविवारी डॉक्टरांच्या शेजारच्या मावशी दूध घेऊन आल्या होत्या. त्यांची भातशेती डॉक्टरांच्या कुंपणाला लागून आहे, आणि त्यांच्या म्हशीचं सगळं औषधपाणी डॉक्टर बघतात. रोज दूध देऊन त्या बाहेरच्या बाहेर जायच्या. त्या दिवशी आत आल्या. पदर सावरत सगळ्या फळ्या फिरून बघितल्या. कुणी स्वित्झर्लंड केलं होतं, कुणी खंडाळ्याचा घाट, कुणी मिरजेचं यार्ड.

"लई ग्वाड हाय," त्या म्हणाल्या. "पर आमचं गाव कुटं हाय ह्यात?"

डॉक्टर हसले. "मावशी, आपल्या मुळशीत रेल्वे आहे कुठे?"

"हितं तरी कुटं खरी हाय?" मावशी म्हणाल्या. "खेळच हाय न्हवं? मग आमच्या रिह्याला का न्हाई यायची गाडी?"

चाचा चष्मा खाली घेत म्हणाले, "बरोबर बोलली बघा ती. आणि रिह्याला येनार तर आदी पौडला थांबनार. माज्या दुकानापुडं."

अशी आमची मुळशी लाइन सुरू झाली. पहिल्यांदाच सगळ्यांनी मिळून एक लांब फळी करायची ठरली, आणि पहिल्यांदाच आम्ही भांडलो. डॉक्टरांनी खोऱ्याच्या मधोमध सरळ रूळ आखले. सरळ रुळावर गाडी छान पळते. मावशींनी ते बघितलं आणि कमरेवर हात ठेवला.

"ही माजी भाताची खाचरं हायेत. ह्यातनं न्हाई जायची गाडी."

"अहो मावशी, हा थर्माकोल आहे."

"असू द्या. थर्माकोल असला तरी खाचर माजं हाय."

दोन रविवार यावर गेले. मावशींचं म्हणणं, डोंगराच्या कडेनं न्या. डॉक्टरांचं म्हणणं, तिथे वळण इतकं तीव्र होतं की मोठं इंजिन रुळावरून घसरेल. मग माझ्या नवऱ्यानं, जो तोवर फक्त चहा प्यायला येत असे, तोड काढली. या लाइनीवर मोठं इंजिन आणायचंच नाही. नॅरोगेजसारखी बारकी गाडी आणायची. तो हे बोलला आणि माझ्याकडे बघेना. माझ्यासाठी बोलला होता, हे मला कळलं. पुढचे काही महिने माझे जेवणाच्या टेबलावरचे डबे मुळशीच्या रुळांवर धावणार म्हणून मी नव्यानं रंगवले, आणि त्यानं डोंगर केले.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गावाला लाइन बघायला बोलावलं. रिह्याची, कासार आंबोलीची माणसं आली, हिंजवडीतले माझ्या ऑफिसातले लोक आले. मावशींनी नवीन लुगडं नेसून आपल्या जावांना आणलं होतं. पौडला गाडी थांबली, चाचांच्या बोटभर दुकानाबाहेर खरोखरच्या कापडाच्या चिंध्या टांगलेल्या होत्या. रिह्याला यायच्या आधी डॉक्टरांनी गाडी चालवायचा बटणाचा कंट्रोलर मावशींच्या हातात दिला.

"मी? मी कदी बसली पन न्हाई आगगाडीत!"

"म्हणून तर. आता चालवा."

मावशींनी बटण धरलं आणि एकदम पूर्ण फिरवलं. गाडी डोंगराच्या वळणावर सुसाट आली, इंजिनानं रूळ सोडला आणि तीन डब्यांसकट ते खालच्या हिरव्या खाचरात जाऊन पडलं. माझ्या हातानं रंगवलेल्या डब्याचं छप्पर उडून चाचांच्या चपलेशी आलं. मावशींनी तोंडावर हात घेतला होता.

मग त्यांचा आवाज आला, "तरी म्हनलं हुतं, माज्या भातात नगं!"

त्यांच्या धाकट्या जाऊबाई आधी हसल्या, मग सगळी शेड. डॉक्टर हसता हसता खुर्चीवर बसले. छप्पर मी संध्याकाळी चिकटवलं, पण इंजिन तिथल्या तिथे रुळावर ठेवलं आणि मावशींच्या बोटांवर बोटं ठेवून बटण अगदी हळू फिरवलं. या वेळी गाडी वळण घेऊन रिह्याला आली आणि थांबली. मावशी बटण सोडेनात. "थांबू द्या जरा," त्या म्हणाल्या. "मानसं उतरत्यात."

आता मावशी दर रविवारी येतात. खाचरांचे बांध त्यांनीच कात्रीनं सारखे केले, आणि भात वाऱ्यानं एका अंगाला कसा झुकतो यावरून चाचांशी त्यांचा वाद अजून चालू आहे. माझा नवरा कासारसाईचं धरण करतोय. पाण्यासाठी त्यानं कसलासा पातळ डिंक आणलाय, तो वाळता वाळत नाही. काल तो त्यावर फुंकर घालत बसला होता, डॉक्टर वर्तमानपत्रानं वारा घालत होते, आणि मी दोघांसाठी चहा गाळून चोथा उन्हात पसरून ठेवला.