देवासाठी वेगळा हंडा

सई, ओंकार, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, गप्प का?" आणि मी हवापाण्याचं बोलत राहिले. शेळगावच्या हौसाआक्का गेल्याला महिना होत आला. त्यांच्याबद्दल तोंडाने सांगणं मला जमत नाही, म्हणून लिहिते.

नव्वदच्या दशकात मी इंदापूर तालुक्यात सरकारी डॉक्टर होते, बारामतीहून एसटीने जायचे. एका उन्हाळ्यात शेळगावात गॅस्ट्रोची साथ आली. विहिरीत रोज सकाळी जंतुनाशक पावडर टाकायची, घरोघर फिरून आजारी शोधायचे, हे आम्ही चोख केलं. गावात साथ ओसरली. फक्त बिरोबाच्या देवळाभोवतालच्या गल्लीत रोज नवीन कुणीतरी आडवं व्हायचं. देवळाची पूजा आक्कांच्या घराकडे होती, गल्लीतल्यांना रोजचं तीर्थही त्याच द्यायच्या. उंच, फटकळ बाई. दुपारी मला ओसरीवर बसवून म्हणायच्या, "भाकरी खावा डॉक्टरीणबाई, तुमी पडला तर आमाला टोचणार कोण?" त्याच गडबडीत त्यांची दोन वर्षांची नात मुक्ता आजारी पडली, आणि बारामतीला नेताना वाटेतच गेली.

घराला सुतक लागलं, देवळातलं तीर्थ बंद झालं. आणि गल्लीतले नवे आजारीही थांबले... हे लक्षात आलं तेव्हा मी त्यांच्यासमोरच बसले होते. विचारलं, "आक्का, पूजेला पाणी कुठलं घेता?"

"हिरीचंच की. तुमचा माणूस पावडर टाकायच्या आदी देवाचा हंडा भरून ठिवते. देवाला औषधाचा वास चालत न्हाय."

 त्यांना माझ्याआधी कळलं असावं. "म्हंजी... मुक्ताला माज्याच हातनं?"

'नक्की सांगता येत नाही' हेही खरंच होतं. त्या हंड्यातलं पाणी कुणी तपासलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सुतक फिटणार होतं, हंडा पुन्हा भरला जाणार होता. मी म्हणाले, "होय, आक्का."

सुतक फिटल्यावर आक्कांनी देवाचं पाणी चुलीवर ठेवलं. पारावरचे तात्या हसले, "आक्का, देवाला च्या पाजता व्हय?" "व्हय तात्या, उरला तर तुमाला देते." साथ संपली. तालुक्याच्या बैठकीत माझं कौतुक झालं, मी ते घेतलंही.

आक्कांनी मला कधी शब्दाने दुखवलं नाही. भाकरी वाढत राहिल्या. पण तीर्थाची पळी त्यांनी पुन्हा कुणाच्या ओंजळीवर धरली नाही, हंड्याच्या काठावर ठेवून म्हणायच्या, "तुमचं तुमी घ्या." गेल्या दिवाळीत शेवटची भेट झाली. मी पाणी मागितलं. त्यांनी तांब्या माझ्याकडे नुसता सरकवला. आज पुन्हा तसा प्रसंग आला तर मी तेच उत्तर देईन, आणि तरीही तो तांब्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आक्कांचं सुतक फिटल्यावर शेळगावला गेले होते. एका पोराला विचारलं, इथे तीर्थ आपलं आपण का घ्यायचं? म्हणाला, "आमच्या बिरोबाची रीतच हाय तशी." पूजा आता भाऊबंदांतली एक सून बघते. पाणी आधी उकळतं, मग देवापुढे जातं, आणि पळी हंड्याच्या काठावर असते.