पोहणं बिघडलं तेव्हा

नागामिने इकुए बाईंना पोहता येत नव्हतं, आणि आमच्या गेममधल्या मुलीला पोहायला शिकवायचं काम नेमकं त्यांच्याकडे होतं.

आमची कंपनी जपानमधल्या फुकुओकात, उडॉन नावाच्या जाड शेवया विकणाऱ्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. टीव्हीला जोडून खेळायच्या गेमचे ते दिवस. आमच्या गेममध्ये खेळणाऱ्याने दहा वर्षांच्या मुलीला वाढवायचं, सराव द्यायचा, विश्रांती द्यायची आणि अठराव्या वर्षापर्यंत तिला पोहण्याच्या शर्यतींत उतरवायचं. कुठल्या सरावाने तिचं कुठलं कौशल्य किती वाढेल, हे बाई ठरवायच्या आणि मी ते प्रोग्रॅममध्ये बसवायचो.

गेम खेळून चुका शोधायला मिनागावा नावाची कॉलेजातली मुलगी यायची. एका दुपारी ती एका हाताने भाताचा गोळा खात होती आणि दुसऱ्या हाताने तेच बटण दाबत होती. नजर खिडकीबाहेर.

बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. "काय गं, स्क्रीनकडे बघत का नाहीस?"

"बघायचं काय त्यात? सराव दिला की आकडा वाढतो. न बघताही वाढतोच की."

बाईंना राग आला नाही. त्या जागेवर आल्या आणि बराच वेळ पेन्सिल चावत बसल्या. मग त्यांनी गेममधल्या मुलीला थकवा आणला, कंटाळा आणला, एकच सराव पुन्हा पुन्हा दिला की वाढ कमी केली. मिनागावाने दोन प्रकारचे सराव आलटून पालटून द्यायला सुरुवात केली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली.

"बाई, तुम्ही स्वतः पोहायला कशा शिकलात?" मी सहज विचारलं.

"मी? मला कुठे येतं?"

असं म्हणून त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. त्याच आठवड्यात त्यांनी महापालिकेच्या तरणतलावावर नाव घातलं.

तिथे शिकवायला ओगुशी बाई होत्या, पिकलेल्या केसांच्या आणि खणखणीत आवाजाच्या. पहिले कित्येक दिवस नागामिने बाईंची काहीच प्रगती नव्हती. पाय मारून मारून त्या जागच्या जागी. ओगुशी बाई काठावरून ओरडायच्या, "पायांचं सोडा हो. आधी पाण्यात श्वास सोडायला शिका." बाई श्वासाच्या मागे लागल्या आणि एक दिवस पाय आपोआप चालू लागले.

"पायाचा सराव मी केलाच नव्हता," ऑफिसात येऊन त्या मला सांगत होत्या. "मग पाय सुधारले कसे?"

आम्ही ते गेममध्ये घातलं. श्वास कच्चा असेल तर पायाचा सराव वाया जातो, आणि श्वास जमला की तुंबलेली वाढ एकदम बाहेर येते. मिनागावा थोडा वेळ स्क्रीनकडे बघू लागली.

पुढे एका सकाळी बाई ओल्या केसांनीच आल्या आणि खुशीत म्हणाल्या, "आज माझं पोहणं बिघडलं."

"मग हसताय काय?"

"ओगुशी बाईंनी हात मारायची पद्धत बदलायला लावली. कालपर्यंत समोरच्या काठापर्यंत जात होते, आज अर्ध्यातच उभी राहिले. पण जुन्या पद्धतीने मी याच्यापुढे कधीच गेले नसते. आपल्या गेममधल्या मुलीचंही असंच व्हायला हवं. पुढे जायचं तर आधी आकडा खाली यायला हवा."

आमचे मालक ताबुची यांनी कपाळावर हात मारला. "अहो बाई, गिऱ्हाईक मुलीला वाढवायला गेम घेतं. पाडायला नाही."

"एकदा खेळून तर बघू."

मिनागावा खेळायला बसली. पद्धत बदलली, आकडा घसरला. तिने शांतपणे गेम बंद केला, आधी सेव्ह करून ठेवलेल्या जागेवरून पुन्हा सुरू केला आणि पद्धत बदललीच नाही.

"बघा," ताबुची म्हणाले. "आता सेव्हची सोय काढून टाकता का?"

"नको. कोंडून ठेवल्यावर कुणी आवडीने शिकत नाही." बाई मिनागावाच्या खांद्यावरून स्क्रीन बघत होत्या. "तलावात मलाही जुन्या पद्धतीकडे जाता येत होतं. मी का गेले नाही?"

उत्तर त्यांना चार-पाच दिवसांनी पाण्यातच सापडलं. नव्या पद्धतीत वेग कमी होता, पण पाणी अंगाला वेगळं लागत होतं. काहीतरी होतंय हे कळत होतं. आमच्या गेममध्ये मुलगी जशीच्या तशी दिसायची आणि आकडा तेवढा खाली यायचा.

मग आमच्या चित्रकाराला नव्या पद्धतीची हालचाल पुन्हा काढायला सांगितलं. गेमच्या कॅसेटमध्ये त्या चित्रांसाठी जागा करायला गेममधला उन्हाळी जत्रेचा अख्खा प्रसंग गाळावा लागला. ताबुची कुरकुरले, पण हो म्हणाले.

या वेळी आकडा घसरला तसा मिनागावाचा हात बंद करायच्या बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला. ती पुढे वाकली.

"ही वेगळीच पोहतेय," ती म्हणाली. "जरा बघू दे."

गेम बाजारात आला आणि बरा खपला. फोन मात्र पुष्कळ आले, बहुतेक एकाच तक्रारीचे: आकडा कमी झाला, गेम बिघडलाय का? बाई हौसेने ते फोन घ्यायच्या.

एकदा एका शाळकरी मुलीला त्या म्हणाल्या, "तुझी पोहणारी आता दिसते कशी? बघून सांग. मी थांबते."

बऱ्याच वेळाने पलीकडून काहीतरी उत्तर आलं. बाईंनी आभार मानून फोन ठेवला आणि आम्हाला हाक मारली. "ती म्हणते, श्वास घेताना मुलगी आता मान वर उचलत नाही, नुसती कुशीवर वळते. हे कोणी सांगितलं होतं काढायला?"

कोणीच सांगितलं नव्हतं. चित्रकार डोकं खाजवत म्हणाला, "मी तलावावर जाऊन ओगुशी बाईंना बघितलं आणि तसं काढलं. मान वगैरे काही माझ्या लक्षात नाही आलं."

मिनागावाने गेम लावला. ताबुचीही चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले आणि आम्ही सगळे त्या मुलीच्या मानेकडे बघत बसलो.