निरीक्षण पेनानं लिहायचं

"हिच्या बापाच्या नावावर गुंठाभर रान न्हाय, आन् ही आमच्या मातीची परीक्षा घेती व्हय?"

असं म्हणून तात्यांनी माझा डबा बुटाच्या टोकानं ढकलला. माती फरशीवर सांडली. पाहुणे हसले. मुख्याध्यापक हसले. सातवीचा अख्खा वर्ग हसला.

तात्या म्हणजे आमच्या शाळेच्या समितीचे अध्यक्ष. निमगाव केतकीच्या अलीकडं आमचं गाव, आणि गावातला निम्मा ऊस त्यांचा. माझी आई त्यांच्याच रानात खुरपायला जायची.

त्या दिवशी शाळेत प्रकल्पांचं प्रदर्शन होतं. आमच्याकडं प्रकल्प म्हणजे इंदापुरातल्या दुकानातून आणायची वस्तू. तात्यांच्या नातवानं थर्माकोलचा ज्वालामुखी आणला होता. आमच्या सात पिढ्यांत कुणी ज्वालामुखी बघितला नव्हता, पण तो टेबलावर, चादर अंथरून. माझे पाच डबे जमिनीवर, चपलांशेजारी.

खरं तर विज्ञानाच्या सरांनीच सांगितलं होतं. "दुकानातलं आणू नका. प्रश्न काढा, करून बघा, दिसेल ते पेनानं लिहा." मला ते वाक्य इतकं आवडलं होतं की मी घरी जाऊन आईला म्हणून दाखवलं. माझा प्रश्न होता, कुठल्या मातीत हरभरा लवकर उगवतो? ओढ्याची माती आणली, माळाची आणली, शाळेच्या मैदानातली, उकिरड्याजवळची. पाचवी कुठली आणू म्हणून आईला विचारलं.

"तात्यांच्या खालच्या पट्टीतली घे. तितं आमाला खुरपायलाच लागत न्हाय. तणबी येत न्हाय तितं."

आईनंच टोपलीतून आणून दिली. वर पांढरी खार होती, पिठी भुरभुरल्यासारखी. प्रत्येक डब्यात दहा दाणे, रोज एकेक वाटी पाणी. चार डब्यांत हरभरा वर आला. पाचव्यात एकही नाही. मी वहीत लिहिलं, निळ्या पेनानं: 'तात्यांच्या खालच्या पट्टीतल्या मातीत हरभरा उगवला नाही. माती खारट झाली आहे. कारण शोधले पाहिजे.'

ते तात्यांनी पाहुण्यांसमोर मोठ्यानं वाचलं. शेवटच्या ओळीला त्यांचा आवाज फाटला. एकेकाळच्या उसाच्या जोरावर, गावातली सगळ्यात कसदार जमीन म्हणून ती पट्टी ते अजूनही ज्याला त्याला दाखवायचे, आणि खुरपणाऱ्या बाईची पोर म्हणत होती, कारण शोधा. मग तो बूट.

मी सरांकडं बघितलं. सर ज्वालामुखीखालची चादर सारखी करत होते. पाहुणे चहाला गेल्यावर ते माझ्याजवळ आले. "निष्कर्ष बदल. लिही, पाणी कमी पडलं."

"पाणी मोजून घातलंय सर. सगळ्यांना सारखंच."

"निरीक्षण पेन्सिलीनं लिहायचं ना गं! आता खोडायचं कसं?"

हे वाक्य अजून माझ्या कानात आहे. तात्यांच्या बुटापेक्षा तेच जास्त लागलं. तात्या काय, अडाण्यासारखे वागले. सरांना तर खरं ठाऊक होतं. शिकवताना पेन आणि तात्या समोर आले की पेन्सिल! आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्या माणसाला नाही म्हणाले.

"खोडणार न्हाय मी. दिसलं ते लिव्हलंय."

सरांनी पान फाडलं. घडी घालून खिशात ठेवलं. ज्वालामुखीला पहिलं बक्षीस मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांच्या बांधावरून आईला परत पाठवलं. ती घरी आली आणि आधी माझ्या पाठीत धपाटा घातला. मग विचारलं, "खोटं लिव्हलं व्हतंस का?"

"न्हाय."

"मग रडतीस कशाला?"

पुढं आई रोज अडीच कोस चालत दुसऱ्या गावात खुरपायला जाऊ लागली. त्या पायपिटीबद्दल कुणी माफी मागितली नाही. ते पान मला कुणी परत दिलं नाही. आणि मीही कुणाला माफ केलेलं नाही.

आज मी बावड्याच्या बाजूला एका शाळेत सहावी-सातवीला शिकवते. आता सरकारी पत्रकांतच लिहून येतं, मुलांना प्रश्न विचारू द्या, शोधू द्या, करून बघू द्या. बैठकीत सगळे माना डोलावतात. परवा माझ्या मुलांनी गावातल्या पाण्याच्या टाकीत डोकावून बघितलं आणि तळाला बोटभर गाळ असल्याचं लिहिलं. संध्याकाळच्या आत उपसरपंचांचा फोन. "बाई, पोरांना झाडंबिडं मोजायला लावा की. ह्ये कशाला? ते पान तेवढं काढून टाका."

"कुठल्या वहीतलं?" मी विचारलं.

"म्हंजी?"

"तीस वह्या हायत. तिसांतबी लिव्हलंय."

माझ्या वर्गात एकाचं निरीक्षण सगळ्यांच्या वहीत उतरवलं जातं, खाली प्रत्येकाची सही. आकृती पेन्सिलीनं काढायची. निरीक्षण पेनानं. माझं एकच पान होतं, म्हणून ते एका खिशात मावलं. आता फाडायला यायचं असेल त्यानं पोतं घेऊन यावं, आणि आधी माझ्या हातातली वही फाडावी. त्यातही तेच लिहिलंय. पेनानं.