डाव्या खांद्याचं माप

सोनूअक्का गेली, असा भाच्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "कुणाशी भांडून?" नव्वदीला टेकलेली बाई, दुपारी जेवून लवंडली ती उठलीच नाही. महिना उलटला, तरी मला पटत नाही. कारण ती आधीही एकदा मरायची होती. बंगळूरातल्या आमच्या अख्ख्या चामराजपेटेनं तसं ठरवलं होतं. तिनं ऐकलं नाही.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. अक्का माझी थोरली चुलत बहीण, चिकपेटेत ब्लाउज शिवायची. बंगळूरच्या बायका तिच्या मापानं श्वास घेत, असं मी सांगते. निदान चार गल्ल्यांतल्या तरी घेत. तिला क्षय झाला. वर्षभर इंजेक्शनं, गोळ्या आणि जोडीला असल्या कडू पुड्या, की वासानंच कावळे गल्ली सोडून जात. तरी थुंकीत जंतू होतेच. सॅनिटोरियमच्या डॉक्टरांनी आधी विचारलं, औषध नीट घेतलंस ना? अक्कानं असं पाहिलं, की त्यांनी पुन्हा कुठल्याच रोग्याला ते विचारलं नसेल. मग जंतू वाढवून तपासले, तर तेच औषधाला सरावलेले निघाले. आता नव्या, जहाल गोळ्या. आणि त्यासोबत वरच्या बरगड्या काढून पोखरलेलं फुप्फुस कायमचं दाबून टाकायचं. जगण्याची आशा त्यातच होती. पण डावा खांदा उतरणार होता.

घरात रडारड. काका सॅनिटोरियमात जाऊन म्हणाले, पोरीला घरी नेऊ, राहिले दिवस सुखात जाऊ देत. उतरल्या खांद्याची मुलगी कोण करून घेणार?

"अप्पा," अक्का खाटेवरून म्हणाली, "आणि मेलेली कोण करून घेणार?"

काकांनी ऑपरेशनच्या कागदावर सही केली... जन्मात पहिल्यांदा हुज्जत न घालता. अक्कानं घरून टेप आणि खडू मागवला, सर्जनसमोर पाठ करून बसली. "कापा तुम्ही, पण माप मी घेणार." खांदा कुठवर येईल, तिथं त्यांना तिच्या ब्लाउजवर रेघ मारायला लावली. भूल पाठीपुरतीच दिलेली, त्यामुळं ऑपरेशनभर ती सर्जनना बजावत होती म्हणे, "स्वल्प सावकाश, सार, कापड एकच आहे." हे तिनं सांगितलेलं, मी थोडंसंच वाढवलंय.

गोळ्यांनी पोटात काही ठरेना. ओकायची, तोंड पुसायची, पुन्हा जेवायला बसायची. शेवटी थुंकी स्वच्छ आली. काकूनं खांदा भरून दिसावा म्हणून कापूस आणला, दोन्ही खांद्यांवरून पदर घे म्हणाली. अक्कानं तो कापूस उशीत भरला, डावी बाजू उतरती बेतून नवं ब्लाउज शिवलं आणि दुकानात दारासमोरच जाऊन बसली. बायका टक लावून बघत. "शिलाई बघा," ती म्हणायची. त्यातल्याच एका गिऱ्हाइकाच्या भावानं तिला मागणी घातली. काकांनी दोनदा खात्री करून घेतली, म्हणे.

परवा दुकानात गेले. आता तिची सून चालवते. खुंटीवर अक्काचं एक निळं ब्लाउज होतं. सून म्हणाली, ठेवा मावशी, आठवण म्हणून. पडद्याआड जाऊन घातलं, बटणं लावली, आरशात पाहिलं...

माझाच खांदा वाकडा दिसत होता.