मामांचा काळ्या चौकोनांचा कागद

हिच्या मामांइतका खरं बोलणारा आणि त्यापायी इतका नकोसा झालेला माणूस पुण्यात दुसरा नसेल. आणि या दोन्ही बाबतींत पुण्यात चुरस कमी नाही. मामा शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी अख्खी नारायण पेठ शिकवायला घेतली. कुठेही आठ मिनिटं उशिरा यायचे आणि वर म्हणायचे, "सूर्याचा प्रकाशही आठ मिनिटं उशिराच पोचतो. त्याला विचारता का कधी?" साडेसातीने हवालदिल झालेल्या एका कारकुनाला त्यांनी दुर्बिणीतून शनी दाखवला आणि विचारलं, "इतक्या लांबून तो तुमच्या बढतीत कशाला पडेल?" समोरच्या काकूंची अक्कलदाढ काढली तेव्हा सगळे विचारपूस करायला गेले, मामा अभिनंदन करायला गेले. माणसाचा जबडा पिढ्यान्‌पिढ्या लहान होत चालला आहे, तेव्हा तुम्ही काळाच्या पुढे आहात, असं त्यांनी सुजलेल्या गालाच्या काकूंना समजावलं. काकू वर्षभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

त्यांचा जीव मात्र एका कागदावर. मामांच्या मामांना रातांधळेपणा होता, पुढे नजरच गेली. तेच यांच्या वाट्याला आलं. त्या घराण्यात बायकांना त्रास व्हायचा नाही, पण त्यांच्या मुलांत ते उतरायचं. मामांनी याचा तक्ता केला होता. बाईला वर्तुळ, पुरुषाला चौकोन, नजर गेलेल्याचा चौकोन पेन्सिलीने काळा. लग्न ठरवताना लोक पत्रिका काढत, मामा हा कागद काढत. मी हिला बघायला गेलो तेव्हा पोह्यांच्या बश्या बाजूला सारून त्यांनी तो आमच्यापुढे पसरला. माझ्या वडिलांनी बराच वेळ निरखून विचारलं, "यात मुलीची रास कुठे आहे?" मला हसू आवरेना, आणि लग्न जमलं. हिच्या धाकट्या बहिणीचं स्थळ मात्र त्याच कागदावर मोडलं.

म्हणून मेधाच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीच्या वेळी मामींनी धास्ती घेतली. मुलगा सॉफ्टवेअरमधला, अमेरिकेला निघालेला. तेव्हा पेठेतल्या प्रत्येक आईला असाच जावई हवा होता. "कागद काढलात तर मेधाची शपथ आहे," मामी म्हणाल्या. मामा गप्प बसले. चहा प्यायले, उकाड्याबद्दल बोलले. दिवसा त्यांना तेव्हा बरं दिसायचं, त्यामुळे पाहुण्यांना काही कळलं नाही. बाबांनी सांगितलंच असणार, असं मेधा धरून चालली. न सांगण्याची त्यांना सवयच कुठे होती?

नातू पाच वर्षांचा झाला आणि संध्याकाळ झाली की दारांवर आपटू लागला. तपासण्या झाल्यावर मेधाच्या नवऱ्याचा फोन आला, तेव्हा मी तिथेच होतो. मामा एवढंच बोलले, "हो. माहीत होतं." मग किती तरी वेळ रिसीव्हर कानाला लावून उभे राहिले. तिकडून फोन केव्हाच ठेवला होता. मेधाचा रविवारचा फोन त्यानंतर मामींपुरताच येतो.

हल्ली ते वारज्याच्या फ्लॅटमध्ये असतात. आता त्यांना दिवसाही जवळजवळ दिसत नाही, आणि कुणाला काही शिकवतही नाहीत. मला त्याचंच फार वाईट वाटतं. परवा गेलो तर टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर तो कागद.

"जावईबापू, नातवाचा चौकोन भरायचा राहिलाय. मला रेघ दिसत नाही. तुम्ही भरा."

मेधाच्या वर्तुळाखाली चौकोन कोरा होता. मी पेन्सिल घेतली आणि कागदाशेजारच्या वर्तमानपत्रावर खसाखसा घासली.

"नीट काळा केलात ना? खरं सांगा."

"केला," मी म्हणालो.

त्यांनी कागदावरून हळूच हात फिरवला, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. घरी येईपर्यंत माझी मान वर झाली नाही.